दहा बाय बाराच्या खोलीत पीसी की प्लेस्टेशन?

पीसी घ्यावा की कन्सोल, या प्रश्नावर जगभर ढिगाने लिहिलं गेलंय. त्या सगळ्या लिखाणात एक गोष्ट न बोलता धरून चाललेली असते, ती म्हणजे खेळणाऱ्याला स्वतःची खोली आहे. लालबागमध्ये हिशेब तिथेच अडतो. गिरणगावातल्या चाळीची खोली दहा बाय बाराची, फार तर दहा बाय पंधराची. त्यात मोरी, ओटा, पोटमाळा आणि भिंतीवर एकच टीव्ही. घरात टीव्ही आहेच, म्हणून कन्सोल स्वस्त पडतो, हा कन्सोलवाल्यांचा पहिला मुद्दा. पण तो टीव्ही संध्याकाळी सात ते दहा आईचा आणि आजीचा असतो, सामना असेल त्या दिवशी बाबांचा आणि अर्ध्या मजल्याचा. उरते रात्री अकरानंतरची वेळ, आणि तेव्हा टीव्हीखालीच अंथरुणं पडलेली असतात. मग खेळण्यासाठी वेगळा मॉनिटर घ्यावा लागतो, त्याचे आठ-दहा हजार कन्सोलच्या किमतीत मिळवावे लागतात, आणि पहिला मुद्दा निम्मा गळून पडतो.

पीसीचं दुखणं वेगळं आहे. त्याला टेबल लागतं, टेबलाला कोपरा लागतो आणि कोपरा आधीच कपाटाने किंवा शिलाई मशीनने अडवलेला असतो. काही मुलं पोटमाळ्यावर पीसी मांडतात, पण पत्र्याखाली किंवा स्लॅबला चिकटून मे महिन्यात तिथे माणूस टिकत नाही, मग ग्राफिक कार्ड कसं टिकणार? ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीच्या जागी पुनर्विकासात ५०० चौरस फुटांचं घर मिळायचं ठरलं आहे. तसं घर हाती आलं की ही अडचण सुटते, आणि मग या वादातले परदेशी आकडे आपल्याकडेही लागू पडू लागतात. तोपर्यंत यंत्राची किंमत आणि ते ठेवायच्या जागेची किंमत असे दोन आकडे वेगवेगळे मांडायला हवेत.

हा वाद आपल्याकडे नवा नाही, फक्त पूर्वी तो खऱ्या किमतींवर कधी झालाच नाही. नव्वदच्या दशकात चाळीत ‘टीव्ही गेम’ आला. निन्टेन्डोने १९८३ साली जपानमध्ये काढलेल्या फॅमिकॉमच्या त्या नकला होत्या. समुराई, लिटल मास्टर ही नावं त्या पिढीला अजून आठवतात. खेळाच्या डबीला सगळे कॅसेटच म्हणायचे. तिच्यावर ‘९९९९९ इन १’ छापलेलं असे आणि आत खरे खेळ पंधरा-वीस, बाकी तेच मारिओ आणि काँट्रा वेगवेगळ्या नावांनी. असली निन्टेन्डो घेणारं घर लालबागमध्ये सापडणं अवघड होतं आणि संगणक घेणारं त्याहून अवघड. त्यामुळे तुलना व्हायची ती भाड्याच्या कॅसेटची आणि तासावर पैसे मोजणाऱ्या पार्लरची.

पुढे २००० नंतर सायबर कॅफे आले. नाव इंटरनेटचं असलं तरी दुपारी शाळा सुटल्यावर आत ‘काउंटर-स्ट्राइक’, ‘प्रोजेक्ट आयजीआय’ आणि ‘व्हाइस सिटी’ चालू असायचं. एका केबलने जोडलेले सात-आठ संगणक आणि एकमेकांच्या नावाने आरडाओरडा, हे पीसी गेमिंगचं या भागातलं पहिलं रूप, आणि त्यात देखभाल नावाची भानगड गिऱ्हाइकाची नव्हतीच. माऊसचा गोळा साफ करणं, विंडोज पुन्हा टाकणं हे कॅफेवाल्याने बघायचं. २०११ साली केंद्राने सायबर कॅफेसाठी नियमावली काढली, ओळखपत्र आणि नोंदवही सक्तीची झाली. पाठोपाठ फोनवरच इंटरनेट आलं आणि हे कॅफे झेरॉक्सची दुकानं झाले.

त्याच काळात घरात शिरला तो प्लेस्टेशन २. जगात १५ कोटींहून जास्त खपलेलं हे यंत्र आपल्याकडे बहुतेकांनी पाहिलं ते ‘चिप मारलेलं’. आत एक छोटी चिप डकवली की नकली डिस्क चालायच्या, आणि त्या फूटपाथवर सिनेमाच्या सीडीशेजारी मिळायच्या. संगणकावर तर चिपचीही गरज नव्हती, क्रॅक केलेली फाइल पुरायची. सोनीने २००९ मध्ये ‘हनुमान: बॉय वॉरियर’ आणि कबड्डी, विटीदांडू असलेला ‘देसी अड्डा’ असे भारतीय खेळ प्लेस्टेशन २ वर आणून पाहिले, पण नकली डिस्कच्या भावापुढे त्यांचं काय चालणार? थोडक्यात, आमच्या पिढीने पीसी आणि कन्सोल यांची जी तुलना केली, तिच्यात खेळांची किंमत शून्य धरलेली होती. आज कोणी ‘पूर्वी कन्सोल किती स्वस्त होता’ म्हणतं, तेव्हा ते चोरीच्या मालाच्या भावाबद्दल बोलत असतं. हे मी उपदेश म्हणून सांगत नाही. सांगतो ते एवढ्यासाठी की त्या आठवणीच्या जोरावर आज दुकानात गेलं तर पहिल्याच डिस्कवरचा भाव पाहून घाम फुटतो.

त्या काळातला एक खेळ मात्र अजून संपलेला नाही. ईए स्पोर्ट्सचा ‘क्रिकेट ०७’ २००६ च्या अखेरीस आला आणि त्या मालिकेतला पुढचा खेळ कंपनीने काढलाच नाही. तरी आपल्याकडची पोरं तो पीसीवर आजही खेळतात, कारण हौशी मंडळी त्यात नवे खेळाडू, नव्या जर्सी, नवी मैदानं आणि आयपीएलचे संघ भरत राहिली. जुन्यातला जुना संगणक त्याला पुरतो. जुना खेळ जिवंत ठेवणं हे पीसीचं सर्वांत मोठं आणि सर्वांत कमी मोजलं गेलेलं बळ आहे. कन्सोलवर यंत्राबरोबर खेळही निवृत्त होतात. पीएस-फाइव्हवर पीएस-फोरच्या जवळजवळ सगळ्या डिस्क चालतात, पण पीएस-थ्रीच्या चालत नाहीत.

आता आजच्या भावाकडे येऊ. प्लेस्टेशन ३ भारतात २००७ मध्ये ३९,९९० रुपयांना आला, प्लेस्टेशन ४ जानेवारी २०१४ मध्ये तेवढ्यालाच, आणि प्लेस्टेशन ५ २ फेब्रुवारी २०२१ रोजी ४९,९९० रुपयांना, म्हणजे डिस्कची फट असलेला. डिस्कविना ‘डिजिटल’ ३९,९९० ला. एक्सबॉक्स त्याआधीच, १० नोव्हेंबर २०२० ला आला होता. सीरीज एक्स ४९,९९० आणि धाकटा सीरीज एस ३४,९९०. आतापर्यंतची रीत अशी होती की कन्सोल जुना होईल तसा स्वस्त होतो, त्यामुळे शहाणा माणूस दोन दिवाळ्या थांबायचा. या पिढीने ती रीत मोडली. नोव्हेंबर २०२२ मध्ये पीएस-फाइव्ह ५४,९९० आणि डिजिटल ४४,९९० झाला. २०२४ मध्ये सडपातळ ‘स्लिम’ आला, तोही त्याच भावात. थांबणाऱ्याचा तोटा झाला.

यात सरकारचा वाटा किती? २०१८ च्या अर्थसंकल्पात व्हिडिओ गेम कन्सोलवरचं आयात शुल्क १० टक्क्यांवरून २० टक्के केलं गेलं. त्याच वर्षी डिसेंबरात जीएसटी परिषदेने कन्सोलवरचा कर २८ वरून १८ वर आणला, एवढाच दिलासा. उलट संगणकाच्या सुट्या भागांवर, १९९७ पासून लागू झालेल्या माहिती तंत्रज्ञान करारामुळे, मूळ आयात शुल्क जवळपास नाही. म्हणजे कन्सोल सरकारच्या लेखी खेळणं आहे आणि ग्राफिक कार्ड हे कामाचं सामान, मग त्या कार्डावर रात्रभर ‘व्हॅलोरंट’ का चालेना. अमेरिकेत कन्सोल पीसीपेक्षा सरसकट स्वस्त ठरतो आणि आपल्याकडे ते अंतर कमी भरतं, त्याचं एक कारण हे.

कन्सोल मुळात स्वस्त का असतो, तेही इथे सांगायला हवं. कंपन्या यंत्रावर फारसा नफा घेत नाहीत, कधी तोटाही सोसतात, आणि तो खेळांच्या विक्रीतल्या सुमारे ३० टक्के वाट्यातून आणि वर्गणीतून वसूल करतात. एक्सबॉक्सने ऑनलाइन खेळण्याचे पैसे २००२ पासून घ्यायला सुरुवात केली, प्लेस्टेशनने २०१३ मध्ये पीएस-फोरबरोबर. आज फुकट मिळणारे खेळ सोडले तर बाकीचे मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायला वर्गणी भरावीच लागते. पीसीवर अशी वर्गणी नाही. गणपतीची वर्गणी वर्षातून एकदा येते आणि तिची पावती तरी मिळते, असं कोणी म्हटलं तर त्यात तथ्य आहे.

पीसीच्या बाजारासाठी लालबागकराला लांब जावं लागत नाही. लोअर परळहून धीमी गाडी पकडली की महालक्ष्मी, मुंबई सेंट्रल आणि मग ग्रँट रोड. पूर्वेला उतरलं की लॅमिंग्टन रोड. कागदोपत्री तो डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण टॅक्सीवाल्यापासून कुरिअरवाल्यापर्यंत सगळे शंभर वर्षांपूर्वीच्या गव्हर्नरचंच नाव घेतात. तिथे दुकानात शिरलं की पहिला प्रश्न ‘कोणता खेळ खेळणार’ हा नसतो. ‘बजेट किती?’ एवढंच विचारतात आणि आकडा सांगितला की कागदावर यादी उतरते: प्रोसेसर, बोर्ड, रॅम, एसएसडी, ग्राफिक कार्ड, एसएमपीएस, कॅबिनेट. आकडा कमी करायचा म्हटलं की दुकानदाराचं पेन सगळ्यात आधी एसएमपीएसवर जातं. तिथे हात धरावा. वीज पुरवणारा हा डबा डोळ्यांना दिसत नाही, त्याने खेळाचा वेग वाढत नाही, त्यामुळे त्यावर वाचवलेले दोन हजार फार शहाणपणाचे वाटतात. पण हलका एसएमपीएस जातो तेव्हा कधीकधी बोर्ड आणि कार्ड सोबत घेऊन जातो. कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या एसएमपीएसवर वीस-पंचवीस हजारांचं कार्ड लावणं हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत महाग मूर्खपणा आहे, असं माझं मत.

बिलाचाही प्रश्न याच बाजारातला. ‘बिल हवं का?’ हे विचारलं जातं, कारण बिलाशिवाय भाव उतरतो. कन्सोलला बहुधा एक वर्षाची वॉरंटी असते. पीसीत प्रत्येक भागाची वेगळी: प्रोसेसर आणि ग्राफिक कार्डाला साधारण तीन वर्षं, चांगल्या एसएसडी-एसएमपीएसला पाच किंवा जास्त, रॅमला तर अनेक कंपन्या आयुष्यभराची देतात. ही वॉरंटी म्हणजे पीसीच्या किमतीत आधीच भरलेला दुरुस्तीचा खर्च आहे. बिल न घेता हजार-दोन हजार वाचवणारा तो खर्च दुसऱ्यांदा भरतो. परदेशातून आलेल्या कार्डाचंही तसंच, इथलं सेवा केंद्र ते हातात घेत नाही.

पीसीच्या भावाला आणखी एक खोड आहे, तो खेळणाऱ्यांच्या हातात नसतो. २०२१ मध्ये इथेरियमसारखं आभासी चलन ‘खोदणाऱ्यां’नी ग्राफिक कार्डं पोत्याने उचलली आणि मधल्या दर्जाचं कार्ड दुप्पट भावाला गेलं. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने पद्धत बदलली, खोदकाम थांबलं आणि तीच कार्डं जुन्या बाजारात लोटली गेली. अनेकांनी स्वस्तात घेतली. काहींची चालली, काहींचे पंखे महिन्यात खरखरू लागले, कारण ती दोन वर्षं चोवीस तास राबलेली होती. २०२५ च्या अखेरीस हाच प्रकार रॅमचा झाला. एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी पुरवण्यात कंपन्यांना जास्त पैसा दिसला आणि दुकानातल्या रॅमचे भाव भडकले. मायक्रॉनने तर ‘क्रूशल’ हा ग्राहकांसाठीचा छापच बंद करण्याचं डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं. कन्सोलवाला अशा लाटेत एका छापील किमतीच्या आड थोडा सुरक्षित असतो. पीसीवाला उघड्यावर असतो, पण त्याला एक सोय आहे: रॅम महाग असेल तेव्हा तो फक्त रॅम घेणं टाळू शकतो.

थोडा हिशेब मांडू. आकडे माझ्या धारणेचे आहेत, ज्याने त्याने आपले घालावेत. पाच वर्षांत पीएस-फाइव्ह ५४,९९०, दुसरा रिमोट ५,९९०, वर्गणी वर्षाला ४,००० धरून २०,०००. वर्षाला तीन नवे खेळ ४,९९९ ने घेतले तर पंधरा खेळांचे ७५,०००. बेरीज दीड लाखाच्या पुढे. पण लालबाग-परळचा मुलगा नवे खेळ तसे घेत नाही. तो जुनी डिस्क घेतो, संपली की पुढे विकतो किंवा बदलून आणतो. डिस्कमागे हजार रुपये झीज धरली तर पंधरा खेळांचे १५,००० आणि एकूण ९६ हजारांच्या आसपास. एकट्याने खेळायचे खेळच आवडत असतील तर वर्गणीही वाचते आणि आकडा ७६ हजारांवर येतो. याच कारणाने डिस्कची फट नसलेला स्वस्त कन्सोल मला महाग वाटतो. सुरुवातीला वाचलेले दहा हजार तो पहिल्या दोन-तीन खेळांतच परत घेतो, कारण त्यावर ना जुनी डिस्क चालते ना खेळ पुढे विकता येतो.

पीसीचे मॉनिटर, कीबोर्ड, माऊस धरून ७०,०००. चौथ्या वर्षी नवं कार्ड २५,००० चं आणि जुनं विकून ८,००० परत, म्हणजे १७,०००. पंखा, एखादी एसएसडी, हेडफोन असं किरकोळ ५,०००. खेळ स्टीमच्या सवलतीत हजाराच्या भावाने पंधरा, म्हणजे १५,०००. बेरीज १,०७,०००. स्टीमने २०१५ मध्ये रुपयात भाव लावायला सुरुवात केली, आणि एपिक २०१८ पासून आपल्या दुकानात खेळ फुकट वाटतं आहे, तेव्हा धीर असलेल्याला खेळांचा खर्च याहूनही कमी येतो. मात्र स्टीमवरचा खेळ विकता येत नाही. तो खात्याबरोबर जन्मभराचा.

या दोन बेरजांमध्ये जिंकलं कोण, हे एका प्रश्नावर ठरतं, आणि तो प्रश्न खेळाचा नाही. घरात संगणक नाहीतरी घ्यायचाच होता का? कॉलेजचे प्रोजेक्ट, बहिणीची टॅलीची शिकवणी, बाबांचे ऑनलाइन फॉर्म, मंडळाचा अहवाल आणि बॅनर, विसर्जनाच्या मिरवणुकीचा व्हिडिओ जोडणं, हे सगळं या पीसीवर होणार असेल तर साध्या संगणकाचे ३५,००० त्यातून वजा करावे लागतात. मग गेमिंगच्या नावावर उरतात ७२,०००, म्हणजे जुन्या डिस्कवर चालणाऱ्या कन्सोलच्याही खाली. लालबागमध्ये ज्या घरांत मी गेमिंग पीसी पाहिला, तिथे तो ‘अभ्यासाचा कॉम्प्युटर’ म्हणूनच मंजूर झालेला होता, आणि गंमत म्हणजे ते खोटं नव्हतं. ग्राफिक कार्ड व्हिडिओ एडिटिंगलाही लागतंच. कन्सोलसाठी आईला सांगता येईल असं एकही कारण नाही. तो निव्वळ खेळ आहे आणि त्याचा रुपयान् रुपया खेळाच्याच खात्यावर पडतो.

देखभालीचा भाग या सगळ्यापेक्षा स्थानिक आहे. गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहताहेत, त्यांची सिमेंटची धूळ वर्षभर हवेत असते. मार्च ते मे मसाल्याचा मोसम. लालबागच्या मसाला बाजारात मिरच्या भाजल्या-कांडल्या जातात, तेव्हा आसपासच्या गल्ल्यांत नुसतं चालतानाही ठसका लागतो. दार सताड उघडं ठेवून राहणाऱ्या चाळीत ती पूड पंख्यांतून यंत्रात जाणारच. पीसीत पंखे जास्त, त्यामुळे घाणही जास्त, पण तो उघडतो. दोन महिन्यांनी कॅबिनेट गॅलरीत नेऊन ब्लोअर मारला, पंखा बोटाने धरून ठेवला की झालं. दोन-तीन वर्षांनी प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट बदलायची, तीही शेदोनशेची. पीएस-फाइव्हची पांढरी पाखं निघतात आणि आत धूळ साठायला दोन भोकंही मुद्दाम ठेवली आहेत, तिथपर्यंत घरी साफ करता येतं. त्यापुढे जाऊ नये. प्रोसेसरवर पेस्टऐवजी द्रव धातू घातलेला असतो आणि तो बोर्डवर सांडला तर यंत्र गेलं.

पावसाळ्यात दुसरीच तऱ्हा. चार दिवसांची झड लागली, भिंतींना ओल आली की पीसी चालू होतो पण पडद्यावर काही येत नाही. अशा वेळी लॅमिंग्टन रोडचा कारागीर पहिली गोष्ट करतो ती रॅम काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने घासण्याची. निम्म्या वेळा तेवढ्याने भागतं आणि तो त्याचेही पैसे घेतो, म्हणून हे घरीच शिकून घ्यावं. कन्सोलला दमट हवेचा एवढा त्रास दिसत नाही. त्याचं दुखणं रिमोटमध्ये. काठी आपोआप एका बाजूला सरकू लागते, कारण आतला घासणारा भाग झिजतो. नवा रिमोट सहा हजारांचा, काठी बदलून घेणं त्याच्या काही अंशात. पण कन्सोलचं मोठं बिघडलं तर भाग बदलायची सोय फार नाही. एक्सबॉक्स ३६० चे तीन लाल दिवे लोक विसरले नसतील. त्या दोषापायी मायक्रोसॉफ्टला २००७ मध्ये अब्ज डॉलरहून अधिक रक्कम बाजूला काढावी लागली आणि वॉरंटी तीन वर्षांची करावी लागली.

पीसीचा बोर्ड नीट निवडला तर त्याचं आयुष्य लांबवता येतं. २०१७ मध्ये घेतलेल्या कित्येक एएमडी बोर्डांवर, बायोस नवं केल्यावर, २०२२ चा प्रोसेसर बसला. आणि २०१६ मध्ये आलेलं जीटीएक्स १०६० हे कार्ड स्टीमच्या नोंदींत कित्येक वर्षं सर्वाधिक वापरातलं होतं. दर दोन वर्षांनी नवं घ्यावं लागतं, ही भीती दुकानदाराच्या फायद्याची.

उलट, सॉफ्टवेअरची देखभाल ही पीसीवाल्याच्या वेळेवर पडते. कन्सोल रात्री स्वतःच अद्ययावत होतो. पीसीवर ड्रायव्हर आहेत, चार कंपन्यांचे चार लाँचर आहेत आणि विंडोज आहे. विंडोज १० ची मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आणि विंडोज ११ जुन्या प्रोसेसरांना घेत नाही. जुगाड करून टाकलं तरी ‘व्हॅलोरंट’सारखे खेळ सुरक्षेची चिप आणि सेटिंग तपासतात आणि दारातच अडवतात. ज्याला या खटपटीत रस आहे त्याला हा खर्च वाटतच नाही, त्याच्या दृष्टीने तो खेळाचाच भाग. ज्याला नाही त्याने पीसीच्या वाटेला जाऊ नये.

वीजबिलाची भीती मात्र फुगवलेली आहे. पीसी आणि मॉनिटर मिळून सुमारे ३८० वॅट, पीएस-फाइव्ह आणि टीव्ही मिळून २८०. रोज दोन तास धरले तर महिन्याला २३ आणि १७ युनिट. युनिटला दहा रुपये धरले तरी फरक साठ रुपयांचा. बेस्टच्या बिलात १०० आणि ३०० युनिटला टप्पा बदलतो, त्या काठावर असलेल्या घराला थोडं जास्त लागेल. खरा त्रास उष्णतेचा, कारण हे सगळे वॅट शेवटी खोलीतच सुटतात. आणि यूपीएस? गावाकडे तो लागतोच, पण बेस्टची वीज क्वचित जाते. १२ ऑक्टोबर २०२० ला सगळी मुंबई अंधारात गेली तो दिवस म्हणूनच लक्षात राहिला. शिवाय दुकानात मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस जेमतेम ३६० वॅट ओढतो, खेळ चालू असताना तो पीसीला धरूनही ठेवणार नाही. ते पैसे एसएमपीएसमध्ये घालावेत. कन्सोल मात्र मे महिन्यात पिशवीत घालून कणकवलीला नेता येतो, पीसी नाही. तिथे वीज असेल तेवढा वेळ खेळायचं.

आता या दोघांचाही धंदा बसवणारा तिसरा. लालबागमधली बहुसंख्य मुलं ना पीसीवर खेळतात ना कन्सोलवर, ती फोनवर खेळतात. पबजीवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, बीजीएमआय २०२१ मध्ये आलं, २०२२ मध्ये गायब झालं, २०२३ मध्ये परतलं, आणि या सगळ्यात कोणी कन्सोल घ्यायला धावलं नाही. कारण पीसीला लागू पडणारं गणित फोनला जास्त लागू पडतं: तो घ्यायचाच असतो. आणि ज्याला फक्त रविवारी चार मित्रांबरोबर ‘फिफा’ खेळायचं आहे, त्याने गेमिंग कॅफेत जावं. तासाला शंभर रुपये धरले तर ५४,९९० रुपयांत ५५० तास होतात, आठवड्याला दोन तासांप्रमाणे पाच वर्षांहून जास्त. रिमोट खराब झाला तर तो कॅफेवाल्याचा.

एका बाबतीत मात्र हिशेब चालत नाही. ‘जीटीए ६’ साठी कंपनीने १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख जाहीर केली आहे, ती फक्त पीएस-फाइव्ह आणि एक्सबॉक्स सीरीजसाठी. पीसीचा उल्लेख नाही. मागचा ‘जीटीए ५’ कन्सोलवर सप्टेंबर २०१३ मध्ये आला आणि पीसीवर एप्रिल २०१५ मध्ये. तेवढीच वाट या वेळी पाहावी लागली, तर सत्तर हजारांचा पीसी घरात असलेल्यालाही समोरच्या बिऱ्हाडात जाऊन ‘जरा दे ना रे रिमोट’ म्हणावं लागेल, आणि तेही काकूंची मालिका संपल्यावर.